डिपॉझिट तुमचंच आहे, मागायला लाजताय कशाला

मे महिना संपत आला की आपल्या कोल्हापुरात छोटा हत्ती भरून गाद्या, कॉट, शेगड्या इकडून तिकडं जाताना दिसायला लागतात. विद्यापीठाची पोरं खोल्या सोडतात, नवीन पोरं घेतात, शिरोली-गोकुळ शिरगावला कामाला येणारे लोक घरं बदलतात, आणि माझ्याकडं येणाऱ्या पत्रांत एकच विषय सुरू होतो, डिपॉझिट. यावेळी इतकी पत्रं आली की अख्खं सदर त्यालाच दिलंय. खरं सांगायचं तर हा विषय मला जरा जास्तच जवळचा आहे. लॉ करत असताना मी राजारामपुरीत कॉट बेसिसवर राहायचे, सोडताना चार हजारातले अडीच हजार 'साफसफाईचे' म्हणून कापून घेतले आणि मी गप्प बसले, कारण माझ्याकडं पावती नव्हती आणि भांडायची हिंमतही नव्हती. इतकी वर्षं झाली तरी ते सलतंय, म्हणून आज जे लिहितेय ते नीट वाचा.

ताई, मी एम.एस्सी. करतोय, आम्ही तिघांनी विद्यापीठाच्या जवळ वन बीएचके घेतला होता, भाडं ८००० आणि डिपॉझिट ३०,०००. अकरा महिन्यांनी सोडला तर मालक काका म्हणतात रंगाचे १२,०००, पंख्याचे २०००, बाथरूमच्या नळाचे आणि इतर मिळून ४०००, म्हणजे १८,००० कापणार. करार ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी केलेला आहे, रजिस्टर नाही, मित्र म्हणतात मग काहीच करता येणार नाही. खरं आहे का? (एक विद्यार्थी, राजेंद्रनगर)

खरं नाही, आणि तुझे मित्र सांगतायत त्याच्या बरोबर उलटं आहे, म्हणून हे आधी सांगते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये कलम ५५ आहे, त्यात लिहिलंय की घर भाड्यानं देताना किंवा लिव्ह अँड लायसन्सवर (म्हणजे ठरावीक मुदतीसाठी नुसती राहायची परवानगी) देताना करार लेखी पाहिजे आणि रजिस्टर पाहिजे, आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे. भाडेकरूची नाही, मालकाची! नाही केला तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि तुझ्यासाठी महत्त्वाचा भाग पुढं आहे, करार रजिस्टर नसेल तर घर कुठल्या अटींवर घेतलं होतं याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरायचं, जोपर्यंत मालक त्याच्या उलट सिद्ध करत नाही तोपर्यंत. ते 'अकरा महिन्यांचा करार असला की रजिस्टर करायची गरज नाही' हे जे प्रत्येक एजंट सांगतो ना, ते आपल्या राज्यात चालत नाही, अकरा असो नाहीतर छत्तीस, रजिस्टर करायलाच पाहिजे.

आता रंगाचं. घर वापरलं की भिंत थोडी मळणार, दाराच्या कडेला हाताचे डाग पडणार, नळाचा वायसर झिजणार, याला वापरातली झीज म्हणतात आणि ती भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम १०८ मध्ये भाडेकरूनं घर घेतलं तसं परत द्यायचं असं आहे, पण नेहमीच्या वापरानं झालेली झीज सोडून. हे कलम लीजसाठी, म्हणजे भाडेपट्ट्यासाठी लिहिलंय, लिव्ह अँड लायसन्स असेल तर आधी करारात काय लिहिलंय ते बघायचं, पण 'झीज वेगळी आणि नुकसान वेगळं' हा निकष दोन्हीकडं तोच लावायचा. म्हणून करार काढून बघ, 'सोडताना रंगाचे पैसे भाडेकरू देईल' अशी ओळ आहे का? असेल तर तुझी बाजू थोडी पडते, कारण तुम्ही सही केलीय. तरी बिल मागायचा हक्क राहतोच, रंगारी कोण, किती खोल्या, किती रुपये. नसेल तर बारा हजार कशाचे ते त्यांनी दाखवायचं. पंखा तुम्ही मोडला असेल तर मात्र प्रामाणिकपणे मान्य करा आणि त्याचे पैसे द्या, खरं नुकसान भरून दिलं की बाकीच्या पैशासाठी ताठ मानेनं बोलता येतं.

काय करायचं ते सांगते. फोनवर वाद घालू नकोस, फोनवरचं बोलणं हवेत जातं. काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या भाषेत लिही की 'अमुक तारखेला चावी दिली, डिपॉझिट ३०,००० आपल्याकडं आहे, कपातीची बिलं पंधरा दिवसांत द्यावीत आणि उरलेली रक्कम खात्यावर पाठवावी.' हेच कागदावर लिहून तिघांच्या सह्या करून स्पीड पोस्टानं पोचपावतीसह पाठवा. माझा अनुभव आहे, शंभरातले कितीतरी मालक या कागदालाच वळतात, कारण तोवर त्यांना वाटत असतं पोरं आहेत, गावाकडं जातील आणि विसरतील. नाहीच वळले तर कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथं दावापूर्व अर्ज करता येतो, म्हणजे केस टाकायच्या आधीच दोघांना बोलावून लोकअदालतीत समेट करायचा प्रयत्न होतो. तिथं झालेल्या निवाड्याला कोर्टाच्या हुकुमाइतकीच ताकद असते आणि त्यावर अपील नसतं. तरी नाही जमलं तर दिवाणी दावा, त्यासाठी साधारण तीन वर्षांची मुदत असते, पण वाट बघत बसू नकोस, पुढच्या वर्षी तिघं तीन गावांना असाल आणि कोण येणार तारखेला? आणि फोन बदलणार असलास तर चॅट आणि पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट आधी सांभाळून ठेव, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाखाली असे पुरावे योग्य प्रमाणपत्रासह कोर्टात दाखल करता येतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरतोय की नवीन कायद्यानुसार दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही. आमच्याकडं मालक सहा महिन्यांचं मागतायत, त्यांना तो मेसेज दाखवू का? (गृहिणी, फुलेवाडी)

दाखवू नका, कारण त्यांच्याकडं वकील असेल तर तुमचंच हसं होईल. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला, जूनमध्ये, आणि त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांचं भाडं आणि दुकान-ऑफिससाठी सहा महिन्यांचं भाडं अशी डिपॉझिटची मर्यादा आहे, इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पण तो नमुना आहे. जमीन-भाडं हा राज्यांचा विषय, राज्यानं आपल्या विधिमंडळात तसा कायदा केल्याशिवाय तो इथं चालत नाही आणि आपल्याकडं अजून १९९९ चाच कायदा आहे, ज्याच्यात डिपॉझिटला वरची मर्यादाच नाही, उलट कलम ५६ नुसार मालकाला डिपॉझिट घ्यायची मुभा आहे. मला वैयक्तिक वाटतं की ही मर्यादा इथंही यायला पाहिजे, पगारावर जगणाऱ्या माणसानं दीड-दोन लाख कुठून आणायचे? पण आज कायदा तसा नाही. त्यामुळं घासाघीस करा. आणि पैसे रोख देऊ नका, खात्यावर द्या, द्यावेच लागले रोख तर जागेवर सहीची पावती. भाड्याचीही पावती मालकानं द्यायलाच पाहिजे असं कलम ३१ सांगतं, मागितली म्हणून कुणी तोंड वाकडं केलं तरी मागा.

आम्ही शाहूपुरीत तळमजल्याला सहा वर्षं भाड्यानं होतो. २०२१ च्या महापुरात घरात छातीएवढं पाणी आलं, आमचा फ्रिज, कपाटं, मुलांची पुस्तकं सगळं गेलं. तरी आम्ही साफ करून तिथंच राहिलो. आता घर सोडलं तर मालक म्हणतात भिंतींचं पोपडं निघालंय, दारं फुगलीत, डिपॉझिट ५०,००० मिळणार नाही. वहिनी, हे कसं करायचं वो? (एक कुटुंब, सध्या कदमवाडी)

तुमचं पत्र दोनदा वाचलं. २०१९ आणि २०२१ हे दोन पूर ज्यांनी बघितलेत त्यांना सांगायला नको, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी हे आकडे आपल्या पोरांना पाढ्यासारखे पाठ झालेत, पंचगंगा धोक्याच्या वर गेली की जयंती नाल्याच्या कडेच्या लोकांची झोप उडते. अशा पाण्यानं फुगलेल्या दाराचे पैसे भाडेकरूकडून मागायचे, हे मला कायद्यानं तर नाहीच पण माणूस म्हणूनही पटत नाही.

वर जे कलम १०८ सांगितलं ना, त्यात झिजेच्या बरोबरीनं आणखी एक अपवाद आहे, ज्याला माणूस थांबवू शकत नाही अशा शक्तीनं झालेला बदल. महापूर म्हणजे तेच. त्याच कलमात असंही आहे की आग, वादळ, पूर यानं जागा कायमची आणि मोठ्या प्रमाणात निकामी झाली तर भाडेकरू करार संपवू शकतो, म्हणजे तुम्ही तेव्हाच सोडून जाऊ शकला असता. तुम्ही उलट चिखल काढला, भिंती धुतल्या, आणि पुढची सगळी वर्षं भाडं भरलंत. शिवाय घर राहण्यालायक ठेवणं हे भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ नुसार मालकाचं काम आहे, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर. पुरानंतर त्यांनी प्लास्टर केलं का, दारं बदलली का? केली नसतील तर आता तुमच्याकडून कशी घेणार?

पुरावा तुमच्याकडं आहे, फक्त गोळा करा. पुरानंतर तलाठी आणि महापालिकेनं पंचनामे केले होते, सानुग्रह अनुदान मिळालं असेल तर त्याची बँकेतली नोंद, तेव्हाचे मोबाईलमधले फोटो, शेजाऱ्यांचे फोटो, भिंतीवर पाण्याची रेघ कुठपर्यंत होती ते. भाऊजींच्या फोनमधून नाहीतर पाहुण्यांच्या ग्रुपवर सापडतील, आपण सगळ्यांनी तेव्हा सगळ्यांना पाठवले होते. पंचनाम्याची नक्कल मिळाली तर मालकाचं म्हणणं टिकणं अवघड आहे. हे सगळं लावून मालकांना एक पत्र द्या. नाहीच ऐकलं तर वर सांगितलेल्या विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज वहिनी तुम्ही तुमच्या नावानं करा, विधी सेवा कायदा १९८७ नुसार महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, हे फार जणींना माहीतच नसतं. मुदतीची काळजी नको, पूर २०२१ चा असला तरी डिपॉझिट परत मागायचा हक्क तुम्ही घर सोडल्यावर सुरू झालाय.

मी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, नाईट ड्युटी असते. घरमालकीण काकूंकडं डुप्लिकेट चावी आहे, मी नसताना खोलीत येऊन बघून जातात, आणि आता घर सोडत नाही म्हणून चार दिवस झाले पाण्याची मोटर बंद ठेवलीय. करार अजून पाच महिने आहे. (मंगळवार पेठ)

पाणी बंद करणं हे सरळ बेकायदेशीर आहे. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ म्हणतं की मालकाला योग्य कारणाशिवाय पाणी, लाईट, जिन्यातले दिवे, लिफ्ट, सफाई यातलं काही तोडता किंवा अडवता येत नाही, आणि तोडलं तर कोर्टाकडं अर्ज करून परत सुरू करून घेता येतं, मालकाला शिक्षेचीही तरतूद आहे. आधी लेखी कळवा, मोटर बंद असल्याचा तारीख-वेळेसकट व्हिडिओ काढा, आणि जवळच्या पोलीस स्टेशनला तक्रार अर्ज देऊन पोच घ्या. पोलीस म्हणतील 'हे दिवाणी आहे मॅडम', म्हणू देत, अर्ज घ्यायला सांगा आणि पोच सोडू नका, कोर्टात तो कागद उपयोगी पडतो.

चावीचं. मालकाला घर बघायचा हक्क आहे, पण कलम २८ नुसार आधी कळवून आणि योग्य वेळी. तुम्ही ड्युटीवर असताना गुपचूप नाही. एकट्या राहणाऱ्या मुलीच्या खोलीत तिच्या माघारी जाणं याला कुठलंही कारण पुरत नाही, काकू असल्या तरी. कडीला स्वतःचं कुलूप लावा, सोडताना जुनं होतं तसं करून द्या.

मी घरमालकीण आहे, वय ६८, मिस्टर नाहीत, वरच्या मजल्याच्या भाड्यावर औषधपाणी चालतं. भाडेकरूनं तीन महिने भाडं दिलं नाही, म्हणतो डिपॉझिटमधून वळतं करा, आणि करार संपला तरी जात नाही. तुम्ही नेहमी भाडेकरूंचीच बाजू घेता. (साने गुरुजी वसाहत)

काकू, तुमची तक्रार रास्त आहे. डिपॉझिट हे भाड्याचा आगाऊ हप्ता नसतं, ते नुकसान आणि थकबाकीसाठी ठेवलेलं असतं, भाडेकरूनं आपल्या मनानं 'वळतं करा' म्हणणं चुकीचंच. आणि लिव्ह अँड लायसन्सचा करार तुम्ही रजिस्टर केला असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. कलम २४ नुसार मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर सक्षम प्राधिकरणाकडं (यासाठी सरकारनं नेमलेला अधिकारी) अर्ज करता येतो, तिथं नेहमीच्या दाव्यापेक्षा काम लवकर होतं, आणि जागा मिळेपर्यंत ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दरानं भरपाई मागता येते. त्याला आधी वकिलाची नोटीस द्या ज्यात हा दुप्पटीचा आकडा स्पष्ट लिहिलेला असेल, बरेच जण तिथंच जागेवर येतात. लाईट तोडू नका आणि त्याचं सामान बाहेर काढू नका, राग कितीही आला तरी, तसं केलंत की तुम्ही बरोबर असून आरोपी व्हाल. ज्येष्ठ महिला म्हणून मोफत वकील तुम्हालाही मिळतो. करार रजिस्टर नसेल तर मला परत लिहा, मग रस्ता वेगळा आणि लांबचा आहे.

कागल एमआयडीसीतून अचानक पुण्याला बदली झाली. करारात सहा महिन्यांचा लॉक-इन (तेवढ्या मुदतीत सोडायचं नाही अशी अट) होता, चार महिन्यांत सोडावं लागलं, मालकांनी सगळं ४०,००० डिपॉझिट जप्त केलं. एक महिना आधी सांगितलं होतं. भाडं १०,०००.

लॉक-इनवर सही केलीत त्यामुळं काहीतरी द्यावं लागेल हे मनाशी धरा. पण करार कायद्याच्या कलम ७४ मध्ये करार मोडल्यावर वाजवी भरपाई मिळते, आणि २०१५ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की नुसतं करारात लिहिलंय म्हणून रक्कम गिळता येत नाही, नुकसान झालेलं पाहिजे. तुमचे उरलेले दोन महिने म्हणजे २०,०००, त्याच्या वर कापायला कुठलाच आधार दिसत नाही. आणि तुमच्यानंतर लगेच दुसरा भाडेकरू आला असेल तर नुकसान आणखी कमी. शेजाऱ्यांना फोन करून विचारा खोली कधी गेली ते.

वडिलांच्या काळापासून शिवाजी पेठेत भाड्यानं राहतोय, जुनं घर. मालकाचा मुलगा एकदम भाडं तिप्पट मागतोय.

तुम्ही जुने भाडेकरू आहात, लायसन्सवाले नाही, त्यामुळं भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ११ प्रमाणे वर्षाला ४ टक्केच वाढ. सुधारणा किंवा मोठी दुरुस्ती केली असेल, घरपट्टी वाढली असेल तर त्याचे वेगळे नियम आहेत, पण तिप्पट नाही. जुनं भाडं अधिक ४ टक्के दर महिन्याला नियमित पाठवत राहा, ते घेत नसतील तर मनीऑर्डर करा आणि परत आलेली पावती जपून ठेवा. भाडं थकू देऊ नका, तेवढीच एक चूक ते शोधत असतात.

जूनमध्ये पहिल्यांदाच खोली घेतोय, रजिस्टर करायला किती खर्च येतो? मालक म्हणतात फार येतो म्हणून नोटरीच करू. (बारामतीचा मुलगा, नोकरी कोल्हापुरात)

हिशोबच करून दाखवते, मालकांनाही दाखव. समज भाडं ८०००, अकरा महिने, म्हणजे ८८,०००. डिपॉझिट ३०,००० वर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, अकरा महिन्यांचं होतं २७५०. बेरीज ९०,७५०, त्याच्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे साधारण २२७ रुपये, वर गोल केलं तरी तीनशे. नोंदणी फी महापालिका हद्दीत १००० आणि ग्रामपंचायत हद्दीत ५००. ऑनलाईन करणाऱ्याचा चार्ज वेगळा, तो दोन-तीन ठिकाणी विचारून घे. आधारवर अंगठा लावून घरबसल्या होतं, दोन साक्षीदार लागतात. अर्धा-अर्धा वाटून घ्या म्हणजे वाद नको. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायचीय तीही मालकांना त्याच वेळी द्यायला सांग.

आणि सामान आत नेण्याआधी, खोली रिकामी असताना, दारापासून सुरुवात करून एक सलग व्हिडिओ काढ, भिंतींचे डाग, नळ सोडून, फ्लश दाबून, पंखे चालू करून, खिडकीच्या काचा, आणि शेवटी लाईटच्या मीटरचं रीडिंग. तो त्याच दिवशी मालकांना पाठव, 'आज खोली अशी ताब्यात मिळाली' एवढं खाली लिहून.